अडीच मिलिमीटरांची बखर

१९२८ साली ऑक्सफर्डहून काही जड पेट्या रवाना झाल्या. स्वित्झर्लंडमधलं आरोसा, कॅलिफोर्नियातलं टेबल माउंटन, इजिप्तमधलं हेलवान, न्यूझीलंडमधलं ख्राइस्टचर्च आणि मद्रास इलाख्यातलं कोडाईकनाल अशी त्यांची ठिकाणं ठरली होती. प्रत्येक पेटीत गॉर्डन डॉब्सन यांनी जुळवलेलं एक वर्णपटमापक यंत्र होतं. सूर्याच्या अतिनील किरणांतला कोणता भाग हवेने गिळला, याची खूण ते यंत्र काचेच्या फोटो-प्लेटवर उमटवत असे. या खुणेवरून डोक्यावर किती ओझोन आहे ते काढायचं, असा बेत होता. पण मोजणी ऑक्सफर्डलाच व्हायची. म्हणून कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत घेतलेल्या प्लेट समुद्रमार्गे विलायतेला जात, तिथे धुतल्या जात आणि मगच आकडा हाती येई.

कोडाईकनालचा आकडा निरस निघाला. युरोपात ओझोन आज एक तर चार दिवसांनी वेगळाच असे, वसंतात फुगे आणि शरदात ओसरे. कोडाईकनालवर त्याची जाडी कमी होती आणि वर्षभर जवळजवळ तेवढीच राहत होती. जाडी म्हणजे काय, हेही सांगायला हवं. डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणि शून्य अंश तापमानाला दाबून बसवला, तर त्याचा जो थर होईल ती ही जाडी. शंभर डॉब्सन एककं म्हणजे एक मिलिमीटर. उत्तर युरोपात वसंतात हा थर चार मिलिमीटरांपर्यंत जातो. विषुववृत्ताच्या आसपास तो साधारण अडीच मिलिमीटर असतो, वर-खाली थोडासा.

यात एक कोडं दडलेलं होतं, आणि ते डॉब्सन यांच्या लगेच ध्यानात आलं. सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये ओझोन कसा तयार होतो ते मांडलं: अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात आणि मोकळा झालेला अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो. या हिशेबाने जिथे ऊन सर्वांत कडक, तिथे ओझोन सर्वांत जास्त हवा. प्रत्यक्षात मात्र उलट. जिथे तो घडतो तिथेच तो कमी, आणि ध्रुवांकडे, जिथे महिनोन् महिने सूर्य दिसतही नाही, तिथे ढीग. कारखाना एकीकडे आणि कोठार दुसरीकडे, म्हणजे मधे वाहतूक असणारच.

त्या वाहतुकीचा पुरावा यायला दुसरं महायुद्ध लागलं. विमानांच्या मागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांमुळे शत्रूला ठावठिकाणा कळे. त्या रेघा कुठे उमटतात हे शोधण्यासाठी ॲलन ब्रूअर उंचावरच्या हवेतली बाष्पाची मात्रा मोजत होते. दक्षिण इंग्लंडवरचं स्थितांबर, म्हणजे ढगांच्या वरचा हवेचा थर, त्यांना कमालीचं कोरडं आढळलं. एवढी कोरडी हवा यायची तर ती आधी कुठल्या तरी भयंकर थंड जागेतून गेलेली असली पाहिजे. १९४९ मध्ये ब्रूअर यांनी लिहिलं की ही हवा उष्ण कटिबंधातून वर चढते आणि मग ध्रुवांकडे सरकते. १९५६ मध्ये डॉब्सन यांनी ओझोनची वाटणी याच वाटेने लावली.

ती भयंकर थंड जागा मात्र आधीच सापडलेली होती, आणि ती दाखवणारा माणूस भारतीय हवामान खात्यातला होता. पालक्काडजवळच्या कल्पाती गावचे के. आर. रामनाथन १९२५ मध्ये खात्यात आले. खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला हललं तो हाच काळ. १९२९ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये उत्तर गोलार्धावरच्या तापमानाचा एक आराखडा छापला. तेव्हा मोजलेल्या हवेतली सर्वांत थंड हवा ध्रुवावर नसून विषुववृत्तावर, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर आहे, जवळपास उणे ८८ अंश सेल्सिअस, हे त्यातून स्पष्ट झालं. खाली घामाच्या धारा आणि वर असा गारठा. याच गारठ्यातून हवा अगदी संथपणे स्थितांबरात शिरते आणि जाताना आपलं बाष्प तिथेच बर्फ करून टाकून देते. ही वर येणारी हवा जमिनीलगतची, म्हणजे ओझोनच्या बाबतीत दरिद्री. ती खालून सतत रेटत राहते म्हणून आपल्या डोक्यावरचा थर पातळ. उत्तरेच्या हिवाळ्यात हा रेटा वाढतो. भारतावरचा ओझोनही हिवाळ्यात कमी आणि उन्हाळ्याकडे जास्त असतो.

रामनाथन यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथेच थोडं थांबतो. हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर ते अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. तिथे आणि माउंट अबूवर त्यांनी ओझोन मोजण्याचं काम उभं केलं. एकूण जाडीवर त्यांचं समाधान नव्हतं. कुठल्या उंचीवर किती, हे त्यांना हवं होतं. सूर्य मावळतीला लागला की डोक्यावरच्या आकाशातून येणाऱ्या दोन अतिनील तरंगलांबींच्या प्रकाशाचं गुणोत्तर एका क्षणी उलट फिरतं. त्या वळणावरून उंचीनुसार ओझोनची वाटणी काढता येते. स्वित्झर्लंडच्या पॉल गोट्झ यांना ही युक्ती स्पिट्सबर्गनमध्ये सुचली होती. तिचा हिशेब शिस्तशीर कसा करायचा याची रीत १९५७ मध्ये रामनाथन आणि त्यांचे सहकारी जितेंद्र दवे यांनी बसवून दिली. पुढे दवे अमेरिकेत गेले. १९६७ मध्ये त्यांनी कार्ल्टन मटीर यांच्यासह एक निबंध लिहिला: उपग्रहातून खाली पाहिलं आणि हवेने परत उधळलेला अतिनील प्रकाश मोजला, तर एकूण ओझोन काढता येईल का? येईल, असं त्यांचं उत्तर होतं. आज जे उपग्रह ओझोनचे नकाशे काढतात त्यांच्या आकडेमोडीचा पाया या निबंधात आहे. अहमदाबादेत जमिनीवरून वर पाहताना कमावलेलं गणित अवकाशातून खाली पाहायला कामी आलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

आता वाऱ्यांकडे वळू, कारण त्यांच्याशिवाय ही बखर पुढे सरकत नाही.

२७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआ फुटला. त्याची राख विषुववृत्ताभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे धावली आणि सुमारे दोन आठवड्यांत तिने पृथ्वीला फेरी घातली. होनोलुलूमध्ये सेरेनो बिशप या पाद्र्याने सप्टेंबरच्या सुरुवातीलाच सूर्याभोवतीचं विचित्र खळं टिपलं. यावरून ठरलं की विषुववृत्तावर उंच आकाशात पूर्वेचा वारा वाहतो. १९०८ मध्ये जर्मन संशोधक आर्थर बेर्सन यांनी व्हिक्टोरिया सरोवरावरून फुगे सोडले, तर त्यांना उंचावर पश्चिमेचा वारा सापडला. दोघेही खरे असणार, म्हणून पुढची पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत दोन्ही वारे एकमेकांवर रचून ठेवले गेले. वारा एकाच जागी दिशा बदलत असेल, ही शंका घ्यायला पुरेशा नोंदीच नव्हत्या.

नोंदी आल्या त्या फार वाईट कारणाने. १९५० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटन पॅसिफिकमधल्या बेटांवर हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या घेत होते. किरणोत्सारी धूळ कुठे जाईल हे कळावं म्हणून त्या बेटांवरून नियमित फुगे सोडले जाऊ लागले. त्या नोंदी हाती आल्यावर १९६० आणि १९६१ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्यातले आर. ए. एब्डन आणि वॉशिंग्टन विद्यापीठातले रिचर्ड रीड यांनी, एकमेकांना न विचारता, तीच गोष्ट दाखवली. विषुववृत्तावरच्या स्थितांबरात वारा काही महिने पूर्वेचा असतो, मग पश्चिमेचा होतो आणि पुन्हा पूर्वेचा. एक फेरा सुमारे सव्वादोन वर्षांचा. नवी दिशा आधी वर उगवते आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर या गतीने खाली उतरते. सूर्याच्या वर्षाशी याचा मेळ बसत नाही, चंद्राशी तर नाहीच. पुढे याला 'अर्ध-द्वैवार्षिक दोलन' हे बोजड नाव पडलं. लेखात पुन्हा पुन्हा एवढं लांब लिहिण्यापेक्षा मी याला नुसतं दोलन म्हणतो.

असं का होतं, याचं उत्तर रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी १९६८ मध्ये दिलं. खालच्या पावसाळी ढगांच्या उलथापालथीतून लाटा निघतात. काही पूर्वेकडे सरकणाऱ्या, काही पश्चिमेकडे. वर जाऊन त्या विरतात आणि आपला धक्का तिथल्या वाऱ्याला देऊन टाकतात. एक दिशा बळावली की त्याच दिशेच्या लाटा खालीच विरू लागतात आणि वर दुसऱ्या दिशेला वाव मिळतो. १९७८ मध्ये ॲलन प्लम्ब आणि ॲंगस मॅकइवन यांनी गोलाकार टाकीत खारं पाणी घेऊन, तळाचा पडदा खालीवर हलवून, हे पाण्यातही घडवून दाखवलं. नुसत्या एका जागी हलणाऱ्या पडद्याने पाण्याला आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवलं. हा प्रयोग ज्यांनी पाहिला त्यांना मग शंका उरली नाही.

वाऱ्याचा हा फेरा समजला तशी ओझोनकडे नव्याने नजर गेली. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फंक आणि गार्नहॅम यांनी तिथल्या नोंदींत चोवीस महिन्यांचा फेरा दिसत असल्याचं सुचवलं. १९६३ मध्ये, सत्तरीत असलेल्या रामनाथन यांनी ब्रिटनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात उष्ण कटिबंधावरच्या ओझोनच्या दोन वर्षांच्या चढउताराबद्दल एक छोटं टिपण लिहिलं. ते तेव्हा आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष होते. म्हणजे कोडाईकनालच्या निरस वाटलेल्या आकड्यात एक संथ हालचाल होती. पण मोजक्या केंद्रांच्या नोंदींवरून ती साऱ्या विषुववृत्तावर आहे की काही ठिकाणचा योगायोग आहे, हे सांगणं कठीण होतं. विषुववृत्ताचा बहुतेक भाग समुद्र आहे, आणि समुद्रावर डॉब्सनचं यंत्र ठेवायला कोण जाणार?

८ एप्रिल १९७० रोजी निंबस-४ उपग्रह सुटला. त्यावर डोनाल्ड हीथ यांच्या चमूचं बीयूव्ही नावाचं यंत्र होतं. ते सरळ खाली पाही आणि बारा तरंगलांबींवर परत आलेला अतिनील प्रकाश मोजी. कक्षा ध्रुवांवरून जाणारी, वेळ भर दुपारची. विषुववृत्तावरच्या सगळ्या रेखांशांवर ओझोन मोजला जाऊ लागला तो तेव्हापासून. पण या यंत्राचं नशीब बेतास बात होतं. काही वर्षांतच उपग्रहाची वीज कमी पडू लागली आणि यंत्र थोडा थोडा वेळच चालवावं लागलं. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दुबळं असल्याने तिथे विद्युतभारित कण घुसून आकडे बिघडवीत. तरी १९७७ पर्यंत सात वर्षांच्या नोंदी जमल्या. त्या चाळून १९८१ मध्ये अर्नेस्ट हिल्सेनराथ आणि बॅरी श्लेसिंजर यांनी ओझोनचे वर्षावर्षांतले बदल मांडले, आणि विषुववृत्तावर दोलनाचा ठसा उमटलेला दिसला. सात वर्षांत दोलनाचे जेमतेम तीन फेरे. शास्त्रज्ञ तीन फेऱ्यांवर समाधानी होत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

हा ठसा उमटतो कसा? वर पश्चिमेचा आणि खाली पूर्वेचा वारा असा थर बसला की विषुववृत्तावरची तिथली हवा थोडी गरम राहते, आणि गरम राहायचं तर तिला किंचित खाली उतरावं लागतं. एरवी ती संथपणे वर चढत असते. आता चढण मंदावते, वरचा ओझोन खाली सरकतो, आणि वर रिकामी झालेली जागा सूर्य नवा ओझोन घडवून भरून काढतो. थर जाड होतो. वारे उलट बसले की चढण वाढते आणि थर पातळ होतो. फरक दहाएक डॉब्सन एककांचा, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा भाग. उपोष्ण पट्ट्यात नेमकं उलट घडतं: विषुववृत्तावर हवा उतरली की तिकडे चढते. तिकडचा ओझोन विषुववृत्ताशी फटकून वागतो, असा बऱ्याच जणांना आधी आलेला संशय यामुळे खरा ठरला.

निंबस-७ हा उपग्रह २४ ऑक्टोबर १९७८ रोजी गेला. त्यावरचं टॉम्स हे यंत्र, आर्लिन क्रुगर यांचं, डावीउजवीकडे मान वळवत पाहायचं. त्यामुळे सूर्यप्रकाशातली सगळी पृथ्वी ते दिवसाकाठी एकदा टिपत असे, रोज जवळपास दोन लाख मोजण्या. शेजारी एसबीयूव्ही होतं, बीयूव्हीची सुधारलेली आवृत्ती. टॉम्स ६ मे १९९३ पर्यंत चाललं. साडेचौदा वर्षं म्हणजे दोलनाचे सहा फेरे. ओझोनच्या इतिहासात या एका यंत्राइतकं काम दुसऱ्या कुठल्या यंत्राने केलं असेल असं मला वाटत नाही.

त्याने पहिला धक्का दिला तो मेक्सिकोत. १९८२ च्या मार्च-एप्रिलमध्ये एल चिचोन ज्वालामुखी फुटला, आणि टॉम्सच्या नकाशावर त्या भागात ओझोन एकाएकी प्रचंड वाढलेला दिसला. ज्वालामुखी ओझोन ओकत नाहीत. क्रुगर यांच्या ध्यानात आलं की हा गंधकाचा वायू आहे. सल्फर डायऑक्साइडही त्याच किरणांना गिळतो, म्हणून यंत्र फसलं होतं. चुकीचा आकडा बाजूला न टाकता त्यांनी त्यातून ज्वालामुखीचा वायू मोजण्याची नवीच विद्या काढली. आज विमानांना राखेच्या ढगापासून वाचवायला हीच विद्या वापरतात.

दुसरं प्रकरण जास्त गंभीर होतं. यंत्र खरं बोलतंय की नाही हे तपासायला अधूनमधून सूर्याकडे पाहावं लागे. त्यासाठी सूर्यप्रकाश पसरवणारी ॲल्युमिनियमची एक खरबरीत पट्टी होती, टॉम्स आणि एसबीयूव्ही या दोघांत मिळून एकच. अवकाशात कडक ऊन खाऊन ती पट्टी काळवंडत गेली. पट्टी काळवंडली की सूर्य फिका वाटे आणि हिशेबात ओझोन घटल्यासारखा दिसे. १९८०च्या दशकाच्या मध्याला हीथ यांनी एसबीयूव्हीच्या आकड्यांवरून साऱ्या जगावर, उष्ण कटिबंधावरही, ओझोन झपाट्याने घटत असल्याचं मांडलं. तोवर, मे १९८५ मध्ये, अंटार्क्टिकावरच्या छिद्राचा शोध जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी जाहीर केला होता. त्यामुळे लोक कुठलीही वाईट बातमी खरी मानायला तयार होते. इथे एक दंतकथाही खोडून काढतो. उपग्रहाच्या संगणकाने छिद्राचे आकडे आपणहून फेकून दिले, असं अजून सांगितलं जातं. अतिकमी आकड्यांना शंकेची खूण पडली होती हे खरं, पण ते फेकले नव्हते. भारतीय वंशाचे पवन भारतीया यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राग इथल्या परिषदेत टॉम्सचे छिद्राचे नकाशे मांडले.

पट्टीचं भांडण सोडवायला नासाने रॉबर्ट वॉटसन यांच्या अध्यक्षतेखाली ओझोन ट्रेंड्स पॅनल बसवलं. १५ मार्च १९८८ रोजी त्याने निकाल दिला: एसबीयूव्हीने दाखवलेली घट बरीचशी पट्टीची करणी आहे. मध्य अक्षांशांवर हिवाळ्यात ओझोन खरोखर घटतो आहे, आणि अंटार्क्टिकावर तर शंकाच नाही. हा निकाल देताना पॅनलने आधार घेतला तो जमिनीवरच्या डॉब्सन यंत्रांचा. साठ वर्षांपूर्वीची युक्ती कोट्यवधींच्या उपग्रहाला सरळ करत होती. पुढे टॉम्सच्या स्वतःच्या तरंगलांबींच्या जोड्या एकमेकींशी ताडून पट्टी किती काळवंडली हे काढण्याची रीत सापडली. १९९१ मध्ये रिचर्ड स्टोलार्स्की आणि सहकाऱ्यांनी सुधारलेले आकडे छापले, तेव्हा विषुववृत्तावर कायमची घट अशी काही उरली नाही. जे काही होतं ते वरखाली होणारं होतं.

मधल्या काळात केनेथ बोमन यांनी १९८९ मध्ये टॉम्सच्या नकाशांवरून दोलनाचा ओझोनवरचा ठसा साऱ्या पृथ्वीवर उलगडून दाखवला: विषुववृत्तावर एक पट्टा, दोन्ही बाजूंना उलट्या हालचालीचे पट्टे. जाडीचा हिशेब लागला, तरी उंचीचा बाकी होता. तो सेज-२ने लावला. ऑक्टोबर १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून सॅली राइड यांनी यांत्रिक हाताने ज्या उपग्रहाला बाहेर ठेवलं, त्यावर हे यंत्र होतं. सौरपट्ट्या आधी उघडतच नव्हत्या. राइड यांनी हात हलवून त्या मोकळ्या केल्या. सेज-२ दर फेरीला एकदा सूर्योदय आणि एकदा सूर्यास्त पाही, हवेच्या कडेतून येणारे किरण मोजी, आणि एकेक किलोमीटरचा ओझोन वेगळा काढी. १९९१ मध्ये जोसेफ झावोड्नी आणि पॅट्रिक मॅककॉर्मिक यांनी दाखवलं की विषुववृत्तावर हा ठसा दोन मजली आहे. सुमारे २८ किलोमीटरच्या खाली ओझोन वाऱ्याबरोबर इकडेतिकडे नेला जातो. त्याच्या वर मात्र तो जागच्या जागी तयार होतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी जागच्या जागी मरतो. वारे त्या ऑक्साइडांना हलवतात, म्हणून वरचा मजला खालच्याशी जुळत नाही. एकूण जाडी पाहणाऱ्याला हे दोन मजले कधीच दिसले नसते.

त्याच वर्षी १५ जूनला फिलिपिन्समध्ये पिनाटुबो फुटला. जवळपास दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात गेला. टॉम्सने तो ढग तीन आठवड्यांत पृथ्वीला फेरी घालताना टिपला. त्याचे गंधकाम्लाचे थेंब झाले, ते ऊन शोषून तापले, आणि उष्ण कटिबंधावरचं स्थितांबर दोन-तीन अंशांनी गरम झालं. गरम हवा वर उठली आणि ओझोनही घेऊन उठली. काही महिन्यांत विषुववृत्तावरचा ओझोन पाच-सहा टक्क्यांनी खाली आला. पण त्यातलं किती पिनाटुबोचं? दोलनही नेमकं त्या वेळी ओझोन घटवणाऱ्या फेऱ्यात होतं. मार्क शोबर्ल, सुशील चंद्रा आणि इतरांना आधी दोलनाचा वाटा वजा करावा लागला, मग ज्वालामुखीचा ठरवावा लागला. सेज-२चं तर काम अडलंच: खालचे थर थेंबांनी इतके भरले की पलीकडचा सूर्यच दिसेना. शिवाय एल चिचोन आणि पिनाटुबो नऊ वर्षांच्या अंतराने फुटले, दोन्ही सौरडागांच्या शिखरानंतर थोड्याच काळाने. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रामुळे उष्ण कटिबंधावरचा ओझोन एक-दोन टक्के बदलतो. टॉम्सच्या नोंदी एवढ्याच काळाच्या, म्हणून सूर्याचं कुठलं आणि ज्वालामुखीचं कुठलं यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालले.

आपल्याकडे या सगळ्या काळात काम थांबलं नव्हतं. १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आलेल्या अण्णा मणी यांच्या देखरेखीखाली, १९६० च्या दशकात, फुग्यासोबत वर जाऊन ओझोन मोजणारं देशी यंत्र घडलं. तिरुवनंतपुरम, पुणे आणि दिल्लीहून हे फुगे सोडले जाऊ लागले. उपग्रहाला २० किलोमीटरखाली नीट दिसत नाही, तिथे असे फुगेच साक्ष देतात. याच गरजेतून ॲन थॉम्पसन यांनी १९९८ मध्ये दक्षिण गोलार्धाच्या उष्ण पट्ट्यासाठी फुग्यांची साखळी उभी केली.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दोलनानेच दगा दिला. पश्चिमेचा वारा नेहमीप्रमाणे खाली उतरत असताना त्याच्या मधोमध, सुमारे २२ किलोमीटरवर, पूर्वेचा वारा घुसला. १९५३ पासूनच्या नोंदींत असं कधी घडलं नव्हतं. जोरदार एल निन्यो आणि उत्तर गोलार्धातून आलेल्या मोठ्या लाटा यांच्यावर संशय गेला. आता ऑरा उपग्रहावरची यंत्रं ओझोन पाहत होती, त्यांना त्याचे पडसाद ताबडतोब दिसले. त्या वर्षी उपोष्ण पट्ट्यात ओझोन नेहमीपेक्षा बराच खाली गेला आणि जमिनीवरचं अतिनील ऊन वाढलं. २०१९-२० मध्ये पुन्हा तसंच झालं. साठ वर्षं घड्याळासारखं चाललेलं दोलन चार वर्षांत दोनदा अडखळलं.

जुलै २०२२ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या छिंग-बिन लू यांनी उष्ण कटिबंधावर बारमाही ओझोन-छिद्र असल्याचा दावा केला. बातमी जगभर फिरली, मराठी वर्तमानपत्रांतही आली असावी. ओझोनच्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी त्याच नियतकालिकात उत्तर छापून तो दावा खोडला, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. उष्ण कटिबंधावरचा एकूण ओझोन १९७९ पासून फारसा बदललेला नाही. बदल आहे तो आतल्या आत. स्थितांबराचा वरचा भाग, ओझोन मारणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनवरच्या बंदीमुळे, भरून येतो आहे. तळाचा भाग, विषुववृत्तावर, रोडावतो आहे. विल्यम रँडेल आणि ॲन थॉम्पसन यांनी २०११ मध्ये सेज-२ आणि फुग्यांच्या नोंदी जोडून हे दाखवलं. पृथ्वी तापते आहे तशी वर चढणारी हवा जोर धरते आहे, हे त्याचं सर्वांत सयुक्तिक कारण. हे छिद्र नव्हे. मात्र ज्या पट्ट्यात सूर्य डोक्यावर असतो आणि थर मुळातच पातळ आहे, तिथे थोडीशी घटही लक्षात घ्यायला हवी.

म्हणून 'उष्ण कटिबंधावर ओझोनचं छिद्र' अशी बातमी पुन्हा वाचनात आली, तर दोन गोष्टी विचारा: दिलेला आकडा एकूण जाडीचा आहे की एखाद्याच थराचा, आणि त्या महिन्यात विषुववृत्तावरच्या स्थितांबरात वारा कुठल्या दिशेचा होता.